वाचनालयाच्या संकेतस्थळाची किल्ली कुणाच्या खिशात?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या वाचनालयात एक तरुण आला होता. हातात रंगीत पत्रक : 'आपल्या संस्थेची वेबसाइट फक्त ३५ हजारांत, पहिल्या वर्षी देखभाल मोफत.' तालुक्यातल्या दोन पतसंस्था आणि एक देवस्थान त्याच्याकडे आधीच आलेत, असं म्हणाला. मी त्याला चहा दिला आणि दोनच प्रश्न विचारले. डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, कुणाच्या नावावर घेणार? आणि डेटाबेसची (सगळा मजकूर जिथे साठतो त्याची) प्रत दर महिन्याला आम्हाला मिळणार का? त्याने हसून सांगितलं, "मॅडम, ते टेक्निकल आमच्यावर सोडा."

नेमकं हेच वाक्य मी २०११ साली ऐकलं होतं. म्हणून हे पत्र. थोडं लांबलं आहे, काटछाट करावी लागली तर शेवटची मागणी तेवढी ठेवा.

मी संगमेश्वर तालुक्यातल्या एका 'ब' वर्ग सार्वजनिक वाचनालयात सत्तावीस वर्षं ग्रंथपाल आहे. पुस्तकं साडेतेरा हजार, इमारत कौलारू, संगणक एक. २०११ मध्ये कार्यकारिणीने ठराव करून १८ हजार रुपयांना संकेतस्थळ करून घेतलं. आमच्यासारख्या संस्थेला १८ हजार म्हणजे वर्षभराची मासिकं. करणारा गृहस्थ गोड बोलणारा होता. पहिल्या पानावर 'सुस्वागतम्' उजवीकडून डावीकडे सरकत जायचं, ते बघायला अध्यक्षांनी शाळेतल्या शिक्षकांनाही बोलावलं होतं. पण मजकूर त्याने जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये भरला होता. ज्या संगणकावर तो फॉन्ट, तिथे मराठी. बाकी सगळीकडे रोमन अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा. "वाचकांना फॉन्ट डाउनलोड करून घ्यायला सांगा," असा त्यावर उपाय. युनिकोड या जगभरच्या लिप्यांसाठीच्या सामाईक अक्षरसंकेतात देवनागरीला १९९१ पासून हक्काची जागा आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं आणि त्याला ठाऊक करून घ्यायचं नव्हतं. गूगलच्या लेखी आमच्या संकेतस्थळावर मराठीचं एक अक्षरही नव्हतं.

२०१६ च्या सुमारास त्याचा फोन लागेनासा झाला. दुकान बंद, घर बदललेलं. डोमेन त्याच्या स्वतःच्या नावावर होतं. मुदत संपली, कुणी नूतनीकरण केलं नाही आणि ते नाव बाजारात गेलं. बोरिवलीहून आमच्या एका जुन्या सभासदाचा फोन आला, "काकू, वाचनालयाच्या नावावर रमी लागतेय हो." मी उघडून पाहिलं. खरंच पत्ते. १९२२ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या नावाखाली बदामची राणी.

आता हीच गोष्ट दुसऱ्या टोकाने सांगते. मिशेल वाल्द्रिगी नावाच्या फ्रेंच तरुणाने 'बी-टू' नावाची एक प्रणाली लिहिली होती. प्रोग्रामिंग न येणाऱ्यालाही तिच्या मदतीने लिखाण संकेतस्थळावर चढवता येत असे. २००२ च्या शेवटी तिचं काम थांबलं, कर्त्याचा पत्ता लागेना. म्हणजे आमच्यासारखंच. पण त्याने ती जीपीएल परवान्याखाली खुली ठेवली होती : कुणीही वापरावी, उघडून बघावी, बदलावी, पुढे वाटावी, मात्र वाटताना तीच मोकळीक पुढच्यालाही द्यावी. अमेरिकेत ह्यूस्टनच्या मॅट मुलेनवेग या १९ वर्षांच्या मुलाने आणि इंग्लंडमधल्या माइक लिटल यांनी ती तशीच उचलली आणि २७ मे २००३ रोजी नव्या नावाने बाहेर काढली. तेच वर्डप्रेस. आज जगातल्या दर दहा संकेतस्थळांपैकी चारांहून अधिक त्यावर चालतात. माणूस दोन्हीकडे नाहीसा झाला. तिकडे काम उरलं, इकडे रमी उरली.

माझं शिकणं २०२० च्या टाळेबंदीत सुरू झालं. वाचनालयाला कुलूप, पण वाळवी आणि बुरशीला टाळेबंदी नसते, म्हणून मी एक दिवसाआड जाऊन कपाटं उघडून बसत असे. माझा पुण्याचा भाचा संगणकातला. त्याने फोनवरून आधी वर्डप्रेससारखीच 'जुमला' नावाची खुली प्रणाली शिकवायला घेतली. नाव ऐकून मला हसू आलं. मोडी कागद वाचणाऱ्या आमच्या एका सभासदांमुळे मला ठाऊक होतं की जुन्या हिशेबात 'जुमला' म्हणजे एकूण बेरीज. शोधलं तर या प्रणालीचं नाव स्वाहिलीतल्या 'जुमला'वरून, अर्थ 'सगळे मिळून'. दोन्हीकडे शब्द अरबीतूनच आलेला. २००५ मध्ये 'माम्बो' नावाच्या प्रणालीचे प्रोग्रामर तिच्या मालक कंपनीशी पटेना म्हणून एकत्र बाहेर पडले आणि त्यांनी हे सुरू केलं. नाव आवडलं, पण मेनू, मॉड्यूल, कंपोनंट यांच्या भानगडीत मी आठवड्याभरात दमले.

मग ड्रुपल. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात त्याचे धडे आहेत, साधारण दहा दहा मिनिटांचे. थोडं बघायचं, थांबवायचं, शेजारी स्वतः करून बघायचं, अशी त्यांची रीत. तिथले बरेच विषय मराठीतही ऐकता येतात. ज्यांच्या घरी भाचा नाही त्यांनी तिथून सुरुवात करावी. ड्रुपलची जन्मकथा माझी आवडती. बेल्जियममधल्या ड्रीस बायटार्ट या विद्यार्थ्याला संकेतस्थळाचं नाव 'डॉर्प' ठेवायचं होतं, डच भाषेत डॉर्प म्हणजे खेडं. टंकताना अक्षरं मागेपुढे झाली आणि 'ड्रॉप' झालं. थेंबाला डचमध्ये 'द्रुपल', त्यावरून २००१ मध्ये ड्रुपल. खेड्याचा झाला थेंब! ड्रुपल भक्कम आहे, केंद्र सरकारचं 'मायगव्ह' त्यावर उभं राहिलं. पण एका ग्रंथपालाने संध्याकाळी सहानंतर सांभाळायचं म्हटलं तर ते मला जड वाटलं. शेवटी वर्डप्रेसवर मुक्काम केला.

पहिले दोन महिने इंटरनेटवर काहीच चढवलं नाही. वाचनालयाच्या संगणकातच सर्व्हर, म्हणजे संकेतस्थळ चालवणारी यंत्रणा, बसवून सराव केला. या सोयीबद्दल कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. त्यासाठी लागणारे अपाची, पीएचपी आणि मारियाडीबी हे प्रोग्राम एकत्र देणारा 'झॅम्प' नावाचा संच फुकट मिळतो. त्यात वर्डप्रेस टाकायचं आणि मनसोक्त मोडायचं. आपला घोळ जगाला दिसत नाही, आणि आमच्याकडे पावसाळ्यात रेंज गेली तरी अडत नाही. मी तीनदा मोडून चौथ्यांदा उभं केलं.

आणि मग लक्षात आलं की यातलं निम्मं मला आधीपासून येतंच आहे. वर्डप्रेसमध्ये लेखाला कॅटेगरी लावायची असते आणि टॅग लावायचे असतात. भाच्याला त्यातला फरक नीट सांगता येईना, मला एका क्षणात कळला. कॅटेगरी म्हणजे वर्गीकरण, एकाच्या पोटात दुसरा वर्ग : आपल्या दशांश वर्गीकरणात ८०० साहित्य, त्यात उतरत उतरत ८९१.४६ मराठी. टॅग म्हणजे विषयशीर्षकं. पुस्तक एकाच फळीवर राहतं, शीर्षकं मात्र त्याला चार लागतात. थीम म्हणजे कपाटांची मांडणी, ती बदलली म्हणून पुस्तकं बदलत नाहीत. डेटाबेस म्हणजे दाखलनोंदवही. 'वेबसाइट हे आमचं काम नव्हे' म्हणणाऱ्या माझ्या ग्रंथपाल भगिनींना मला एवढंच सांगायचं आहे की आयुष्यभर आपण हेच करत आलोय. २०१८ च्या डिसेंबरात वर्डप्रेसने लिहिण्याची नवी पद्धत आणली, परिच्छेद, चित्र, तक्ता असे वेगवेगळे ठोकळे रचण्याची. तिचं नाव त्यांनी 'गुटेनबर्ग' ठेवलं. खिळे जुळवणाऱ्याचं नाव बघून मला उगीच घरचं वाटलं.

मराठीचे काही हिसके मात्र कुठल्याच धड्यात नव्हते. शताब्दी समारंभाची बातमी मी 'ग्रंथालयाचा शतकमहोत्सव आणि स्मरणिका प्रकाशन' या मथळ्याने टाकली. त्या पानाचा पत्ता तयार झाला 'ग्रंथालयाचा-शतकमहोत्सव-आ'. पुढे काही नाही. पत्ता अक्षरशः आ वासून थांबलेला. कारण असं, की वर्डप्रेस पत्त्याला २०० अक्षरांची जागा देतं, आणि देवनागरीची एकेक खूण (काना, मात्रा, हलन्तसुद्धा) आत साठवताना नऊ जागा खाते. म्हणजे जेमतेम बावीस खुणा बसतात. वर व्हॉट्सअॅपवर तो पत्ता पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांची आगगाडी दिसते, आणि लोक व्हायरस समजून उघडत नाहीत. आता मी पत्ता हाताने, रोमन लिपीत, आखूड देते. मराठीच्या अभिमानाला थोडी मुरड पडते, पण दुवा उघडला जाणं महत्त्वाचं.

दुसरा हिसका 'ऱ्या'चा. एका वाचकाने 'दऱ्याखोऱ्या' शोधलं, सापडलं नाही. पुस्तक यादीत होतं, मी स्वतः भरलेलं. डोळ्यांना दोन्ही शब्द सारखे. पण हा अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो, आणि संगणकाला ती दोन वेगळी अक्षरं वाटतात. माझी यादी एका कळफलकावर भरलेली, वाचकाचा फोन दुसऱ्या पद्धतीचा. साडेतेरा हजार नोंदींची यादी तक्त्यात उतरवून शोधा-बदला करून एकसारखी करायला नऊ दिवस लागले. (पूर्ण ग्रंथव्यवहारासाठी वर्डप्रेस नव्हे, त्यासाठी 'कोहा' आहे. तेही खुलं, न्यूझीलंडच्या एका ग्रंथालयासाठी तयार झालेलं, २००० सालापासून चालू. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. ते शिकणं माझ्याकडून राहूनच गेलं.)

माझ्या हातून झालेल्या चुकाही लिहिते, नाहीतर हे पत्र जाहिरातीसारखं वाटेल.

संस्थेचा मान म्हणून मी प्रशासकाचा ईमेल पत्ता अध्यक्षांचा दिला होता. २०२१ मध्ये एक प्लगइन (वर्डप्रेसला वरून जोडायची जादा सोय) अद्ययावत केलं आणि संकेतस्थळाच्या जागी 'गंभीर त्रुटी' अशी एकच ओळ उरली. अशा वेळी दुरुस्तीच्या वाटेचं पत्र वर्डप्रेस आपण होऊन प्रशासकाला पाठवतं. ते गेलं अध्यक्षांना. अध्यक्ष ईमेल उघडतात दिवाळीला. तीन दिवस आमचा पडदा पडलेला. शेवटी भाच्याने सांगितलं की होस्टिंगच्या (संकेतस्थळ जिथे भाड्याने ठेवलेलं असतं त्या जागेच्या) फाइल मॅनेजरमध्ये जाऊन त्या प्लगइनच्या फोल्डरचं नुसतं नाव बदल. बदललं, संकेतस्थळ परत आलं. आता ईमेल वाचनालयाचा स्वतंत्र आहे, आणि कार्यकारिणीतल्या मंडळींना 'लेखक' ही भूमिका दिली आहे. प्रशासक, संपादक, लेखक, योगदानकर्ता, सदस्य अशा पाच पायऱ्या त्यात असतात. अध्यक्ष जरा रुसले होते.

त्याहून मोठी चूक २०२३ ची. दर महिन्याला मी संकेतस्थळाचं संपूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून घेत असे आणि निश्चिंत झोपत असे. स्वस्त होस्टिंग मिळालं म्हणून जुनं खातं बंद केलं, नव्या जागी फोल्डर चढवलं. तर वर्डप्रेस मला नव्यानेच भेटल्यासारखं विचारायला लागलं, संकेतस्थळाचं नाव काय ठेवायचं? फोल्डरमध्ये फोटो होते, थीम होती, सगळं होतं. शब्द नव्हते. शब्द डेटाबेसमध्ये असतात आणि त्याची प्रत वेगळी काढावी लागते. शेवटची डेटाबेसची प्रत सात महिने जुनी होती, तीही भाच्याने कशासाठी तरी काढलेली. सात महिन्यांचं लिखाण गेलं. थोडं संकेतस्थळांची जुनी पानं जपून ठेवणाऱ्या 'इंटरनेट आर्काइव्ह'च्या साठ्यात सापडलं, थोडं व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या मजकुरातून परत टंकलं, बाकी गेलं ते गेलं. त्या शोधाशोधीत २०११ चं सुस्वागतम्‌वालं पानही तिथे मिळालं. त्यातली संस्थापकांची यादी मी जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणून परत लावली.

हो, आणि 'पैसे देऊन घ्यायची थीम फुकट मिळवून देतो' म्हणणाऱ्यांपासून लांब राहावं. खुल्या प्रणालीच्या अधिकृत यादीत हजारो थीम तपासून ठेवलेल्या असताना फोडलेली थीम घालणं म्हणजे चोराकडून कुलूप विकत घेण्यासारखं आहे.

या खटाटोपातून मिळालं काय? आमच्याकडे १९५० च्या दशकातले गणेशोत्सवातले हस्तलिखित अंक आहेत. लिहिणाऱ्यांच्या वारसांची परवानगी जसजशी मिळते तसतशी त्यांची पानं आम्ही चढवतो. गेल्या शिमग्याच्या आधी डोंबिवलीहून एका बाईंचा फोन आला. आडनाव शोधता शोधता त्यांना आजोबांची कविता मिळाली होती, आजोबांच्याच अक्षरात. कविता तशी बेतासबात होती. बाई फोनवर रडत होत्या. शिमग्याला त्या गावी आल्या, मूळ वही हातात घेऊन बघितली आणि आजन्म सभासद होऊन गेल्या. डोमेन आणि होस्टिंग मिळून गेल्या वर्षी आम्हाला ४,२०० रुपये खर्च आला.

कार्यकारिणीतल्या एका सदस्यांनी मध्यंतरी मला विचारलं, "तुमचं वर्डप्रेस कोर्टात गेलं म्हणे?" गेलं. २०२४ मध्ये मुलेनवेग आणि एक मोठी होस्टिंग कंपनी यांच्यात जुंपली आणि प्रकरण कॅलिफोर्नियातल्या न्यायालयात पोचलं. त्या भांडणात एक लोकप्रिय प्लगइन अधिकृत यादीत रातोरात दुसऱ्याच्या ताब्यात गेलं, ते मला आवडलं नाही. खुल्या घरातही भाऊबंदकी असतेच. पण उद्या तिथे दोन चुली झाल्या तरी माझ्या वाचनालयाचे शब्द माझ्या पेनड्राइव्हवर आहेत, आणि प्रणालीची प्रतही. ती कुणी माझ्याकडून परत मागू शकत नाही.

पैसे घेऊन काम करणाऱ्यांवर माझा राग नाही. ज्याला जमत नाही त्याने जरूर पैसे देऊन करून घ्यावं. पण डोमेन संस्थेच्या नावावर, संस्थेच्या ईमेलवर आणि संस्थेच्या पावतीवर हवं. प्रणाली खुली हवी, म्हणजे हा नाही तर दुसरा माणूस ती हाती घेऊ शकेल. आणि डेटाबेसची प्रत दर महिन्याला आपल्या कपाटात यायला हवी. इमारतीचा सातबारा आपण कंत्राटदाराच्या नावावर करतो का?

आता मागणी. राज्यात शासनमान्य ग्रंथालयं दहा हजारांहून अधिक आहेत. जिल्हा ग्रंथालय संघांमार्फत जे प्रमाणपत्र वर्ग चालतात, त्यात तालिका, वर्गीकरण शिकवतात तसं एका खुल्या प्रणालीचं दहा-बारा तासांचं प्रात्यक्षिक ठेवावं. परीक्षा साधी असावी : संकेतस्थळ उभं करा, मोडा, आणि प्रतीवरून परत उभं करा. तिसरं जमलं तरच उत्तीर्ण. आणि वार्षिक तपासणीला अधिकारी येतात तेव्हा दाखलनोंदवहीबरोबर डोमेनची पावती कुणाच्या नावावर आहे, एवढं बघून जावं. त्याला वेगळं अनुदान लागत नाही.

येत्या ३१ मे रोजी मी निवृत्त होतेय. गोदरेजच्या कपाटात, शिक्क्यांच्या डब्याखाली, एक खाकी लखोटा ठेवला आहे. त्यात होस्टिंगचा, डोमेनचा आणि ईमेलचा पासवर्ड, शेवटच्या प्रतीची तारीख आणि दोन पानी हस्तलिखित सूचना. बारावीतली एक मुलगी दर शनिवारी येऊन शिकतेय. परवा तिने माझ्यादेखत सरावाचं संकेतस्थळ उडवलं. परत उभं करायचं काम तिच्यावरच सोडून मी घरी गेले. सोमवारी बघितलं तर उभं होतं, फक्त माझी थीम तिने बदलली होती.

आपली विश्वासू,
एक ग्रंथपाल
संगमेश्वर तालुका, जि. रत्नागिरी